एअरवेट ६४२: हलकी स्प्रिंग काढून टाकली

मंडळी, माझ्या एअरवेट ६४२ मध्ये, म्हणजे स्मिथ अँड वेसनच्या .३८ च्या पाच गोळ्यांच्या छोट्या रिव्हॉल्व्हरमध्ये, किटमधली हलकी स्प्रिंग टाकून ट्रिगरची ओढ साडेदहा पौंडांवर आणल्याचं मागच्या वेळी मोठ्या आनंदानं लिहिलं होतं. ते आज मागे घेतोय. शनिवारी रेंजवर पन्नास राउंडांत तीन वेळा नुसतं 'टक्' झालं, गोळी उडालीच नाही.

तिन्ही वेळा नळी टार्गेटकडेच ठेवून तीस सेकंद थांबलो आणि मग सिलिंडर उघडला. प्रायमरवर (काडतुसाच्या बुडाची, मार बसला की पेटणारी टिकली) फायरिंग पिनचा खळगा होता, पण अगदी उथळ. शेजारच्या उडालेल्या काडतुसावरच्या खळग्यात मोहरीचा दाणा बसला असता, इथे खसखससुद्धा टिकली नसती. तीच काडतुसं पुन्हा भरली तर तिन्ही उडाली. म्हणजे काडतूस मेलेलं नव्हतं, मार कमी पडत होता.

घरी आल्यावर साइडप्लेट, म्हणजे बाजूचं झाकण, उघडली. (नव्यांसाठी पुन्हा सांगतो: प्लेट कधीही उचकटू नका. तिन्ही स्क्रू काढून क्रमानं ठेवा, कारण पुढचा योकचा (सिलिंडर ज्यावर बाहेर झुलतो त्या भागाचा) आहे. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ग्रिप फ्रेमवर हलके ठोके द्या, प्लेट आपोआप वर येते.) पिनच्या भोकात जळकट घाण असेल असं वाटलं होतं, पण ते स्वच्छ होतं. सिलिंडर पुढेमागे जास्त हलतोय का, तेही पाहिलं, ठीक निघालं. राहिली ती किटमधली आठ पौंडी मेनस्प्रिंग, हॅमरला जोर देणारी. मूळची साडेआठची. फरक अर्ध्या पौंडाचा, पण ६४२ च्या एवढ्याशा सांगाड्यात (जे-फ्रेममध्ये) हॅमरचा प्रवासच इतका थोडा असतो की तेवढंही पुरतं. आणि इथे कॉइल स्प्रिंग, त्यामुळे मोठ्या फ्रेमसारखा स्प्रिंगचा ताण वाढवणारा स्ट्रेन स्क्रू आवळून वेळ मारून नेता येत नाही.

रविवारी त्याच स्प्रिंगवर फेडरलची पेटी घेऊन गेलो. त्यांचे प्रायमर मऊ. पन्नासच्या पन्नास उडाली. क्षणभर वाटलं, सुटला प्रश्न. पण खिशातलं रिव्हॉल्व्हर एकाच कंपनीच्या काडतुसावर चालणार असेल तर त्याचा भरवसा काय? दुकानात जी पेटी मिळेल ती चाललीच पाहिजे. रात्री मूळ स्प्रिंग परत बसवली. गेजवर पुन्हा सव्वाबारा पौंड.

लांब फायरिंग पिन टाका, असं दोघांनी सुचवलंय. सध्या नको. एका बदलामुळे बिघडलेलं दुसऱ्या बदलानं झाकायचं, हे मला पटत नाही. ट्रिगर परत आणणारी रिबाउंड स्प्रिंग मात्र एक पायरी हलकी करून पाहिली होती. ट्रिगर आळसावून परत यायला लागला, म्हणून तीही मूळचीच.

आता उरतं बोट. जेवणानंतर स्नॅप कॅप (सरावाची नकली काडतुसं) घालून रोज शंभर वेळा नुसताच ट्रिगर ओढायचा, म्हणजे ड्राय फायर, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. तीन आठवड्यांत नळीवर उभं केलेलं नाणं पाचांतून चार वेळा टिकायला लागलंय. स्प्रिंग बदलून मिळाला त्यापेक्षा जास्त आनंद याचा झाला.

गोळीचा प्रश्न सुटलाय. ४०८ ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये १५८ ग्रेन वजनाची गोळी हाताचा जाळ करते. १४८ ग्रेनचं वॉडकटर, म्हणजे सपाट तोंडाची गोळी, शांत आहे, सात यार्डांवर पाचही गोळ्या पंजाएवढ्या जागेत येतात. सपाट तोंडामुळे भरताना चेंबरच्या काठाला अडतं, म्हणून सिलिंडरमध्ये वॉडकटर आणि पुन्हा भरायच्या जादा काडतुसांच्या पट्टीत गोल तोंडाची.

खिशाबद्दल थोडक्यात. टेक्सासच्या उकाड्यात जॅकेट नाही, त्यामुळे पँटचा पुढचा खिसाच. होल्स्टर ट्रिगर पूर्ण झाकणारं हवं आणि त्या खिशात दुसरं काही म्हणजे काही नको, किल्लीसुद्धा नाही. कुर्त्याच्या खिशात ४०० ग्रॅमही लोंबतात, तो नाद सोडला. दर रविवारी रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीखालचा दारूचा भुसा जुन्या टूथब्रशनं काढायचा, नाहीतर सिलिंडर जड फिरतो.

'मग एलसीआर (रुगरचं असंच छोटं रिव्हॉल्व्हर) का नाही घेतलं?' असं बरेच जण विचारतात. बजेट ५०० डॉलर होतं, ही ६४२ वापरलेली ३९० ला मिळाली. टॉरसची ८५६ सहा गोळ्यांची आणि स्वस्त, पण तिचा सिलिंडर माझ्या खिशात फुगतो. रविवारीच मित्राची एलसीआर चालवून पाहिली. तिच्या ट्रिगरच्या यंत्रणेतल्या खास आकाराच्या तुकड्यामुळे (कॅम) ओढ शेवटी जड होत नाही, सुरुवातीपासून एकसारखी जाते. फॅक्टरीतून निघतानाच असा ट्रिगर असेल तर किटचे पैसे धरून माझा हिशेब चुकलाच.

आणि हे लिहिता लिहिता दुसरंच डोक्यात आलंय. एलसीआर .३२७ फेडरल मॅग्नम या काडतुसासाठीही येते, सहा गोळ्यांची. तिच्यात .३२ एस अँड डब्ल्यू लाँग हे कमी जोराचं काडतूसही बिनधास्त चालतं. सांगलीला काकांकडे परवान्याचं कानपूरचं रिव्हॉल्व्हर आहे, त्याचं काडतूस हेच! लहानपणी ते साफ करताना मी चिंधी धरून शेजारी बसायचो. धक्का कमी, एक गोळी जास्त, आणि बायकोलाही हे पेलेल. .३८ ची एक गोळी मारून तिनं ६४२ खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही. .३२ ची काडतुसं इथे महाग आहेत आणि दर दुकानात मिळत नाहीत, ही अडचण आहेच.

तूर्तास ६४२ विकत नाही. येत्या शनिवारी मूळ स्प्रिंगवर दोनशे राउंड, चार वेगवेगळ्या पेट्या, 'टक्' झालेल्या पेटीतले उरलेले धरून. दोनशेच्या दोनशे उडाले तरच ती परत खिशात जाईल. ह्यूस्टनच्या आसपास कुणाकडे .३२७ ची एलसीआर असेल तर कळवा, रेंजची फी आणि काडतुसं माझी.