तुम्ही विचारलंत म्हणून: स्टॉल लावून हिशेब येतो का?

शाळेत मुलांचे खाऊचे स्टॉल लागले की पालक विचारतात, इतर विषयांचे शिक्षक विचारतात, शेजारच्या उच्च माध्यमिकातले सहकारीही विचारतात: "सर, यातून मुलांना खरंच अकाऊंट्स येतं, की नुसती मजा होते?" अकरावी-बारावीला मी तोच विषय शिकवतो, म्हणून एकदा नीट उत्तर देतो.

नुसत्या स्टॉलने काही येत नाही. पण त्या एका सकाळचा हिशेब पुढचे दोन-तीन आठवडे वर्गात बसून लिहिला, तर पुस्तकातले निम्मे धडे आपोआप उलगडतात.

समजा एका गटाने पातोळ्या विकल्या. शंभर पातोळ्या, पंधरा रुपयांना एक, विक्री १५०० रुपये. कागदी बश्या, फलक आणि किरकोळ सामानाला ३०० रुपये गेले. मुलं आनंदाने सांगतात, १२०० रुपये नफा! मग मी विचारतो, नारळ कुठून आणले? घरच्या माडाचे. गूळ? घरातलाच होता. पीठ? आईने दळून ठेवलेलं. गॅस? सर, गॅस तर घरचाच ना!

इथे खरा तास सुरू होतो. बाजारात जाऊन प्रत्येक वस्तूचा भाव विचारून यायचं. समजा आठ नारळ ३२० रुपयांचे, गूळ १८०चा, पीठ १००चं, गॅस अंदाजे ५०चा. एकूण ६५० रुपयांचा माल घराने धंद्यात घातला. म्हणजे वहीत साहित्य आणि गॅस नावे (डेबिट), भांडवल जमा (क्रेडिट). नफा १२०० नव्हे, ५५०. धंदा वेगळा आणि मालक वेगळा, हे तत्त्व पुस्तकात पहिल्याच धड्यात असतं आणि मुलं ते पाठ करून परीक्षेत लिहितातही. पण घरच्या नारळाला किंमत लावायला सांगितली की चेहरे बदलतात. घरचा नारळ फुकट असतो, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं. भज्यांच्या गटाने स्वतःच खाऊन संपवलेल्या बशा उचल खात्यात, म्हणजे मालकाने स्वतःसाठी घेतलेल्या मालाच्या खात्यात, लिहायच्या, तेव्हाही असाच वाद होतो, आणि तो मी मुद्दाम होऊ देतो.

त्यानंतरचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पातोळ्या कोणी केल्या? चार घरच्या आयांनी, पहाटेपासून प्रत्येकी चार तास खपून. त्या कष्टांचे पैसे कोणी दिले नाहीत, म्हणून वहीत त्यांची नोंद होणार नाही. नियम तसाच आहे आणि तो मी तसाच शिकवतो. पण ५५० रुपयांना सोळा तासांनी भागायला लावतो. तासाला जेमतेम ३४ रुपये पडतात. मजुरी द्यावी लागली असती तर पंधरा रुपयांत पातोळी देता आली असती का? किंमत कशी ठरवायची, हे या भागाकारातून जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशातून कळलेलं मी पाहिलेलं नाही.

याच ठिकाणी मी गोव्यातल्या मुलांना त्यांच्या हक्काची एक गोष्ट सांगतो. पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला संपत्तीच्या सामाईक हक्काचा नियम इथल्या ज्या नवरा-बायकोला लागू होतो, त्यांचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न करासाठी दोघांत निम्मं-निम्मं धरलं जातं. १९६१च्या आयकर कायद्यात ५अ हे कलम त्यासाठीच होतं. दुकान बाबांच्या नावावर असलं तरी नफ्याचा अर्धा भाग आईच्या विवरणपत्रात जातो. हे ऐकून मुली हमखास ताठ बसतात. पाठ्यपुस्तकात हे नसतं, पण गोव्यात वाणिज्य शिकणाऱ्या मुलाने हे माहीत नसताना शाळा सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

पैशांच्या पेटीतून बँक जुळवणी पत्रक शिकवता येतं. हल्ली निम्मी विक्री यूपीआयवर होते आणि क्यूआर कोड कुणाच्या तरी ताईच्या खात्याचा असतो. तिच्या खात्यात त्याच दिवशी मोबाईलचं रिचार्जही झालेलं असतं, कुणीतरी उसने पैसेही परत केलेले असतात. रोखवही एक सांगते, बँकेचं विवरण दुसरं. फरक शोधून कारण लिहायचं. पुस्तकातलं उदाहरण सोडवताना पेंगणारी पोरं इथे पन्नास रुपयांसाठी भांडतात.

भागीदारीसाठी मी एकच करतो: गट पाडताना करार करा, असं सांगत नाही. नफा वाटायची वेळ येते तेव्हा एक म्हणतो, मी जास्त पैसे घातले. दुसरी म्हणते, मी दिवसभर उभी होते. भांडण रंगलं की १९३२चा भागीदारी कायदा फळ्यावर येतो. करार नसेल तर नफा-तोटा सारखा, भांडवलावर व्याज नाही, कामाचा पगार नाही, भांडवलाशिवाय जादा रक्कम दिली असेल तर त्यावर वर्षाला ६ टक्के व्याज. पुढच्या स्टॉलला मुलं स्वतःच करार लिहून आणतात.

शिल्लक मालाचं मूल्यांकन शिकवायला चतुर्थीच्या आधीचा माटोळीचा बाजार हवा; माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं बांधून सजवतात ती चौकट. म्हापसा, फोंडा, डिचोली, जे जवळ असेल ते. बेड्यांचा (सुपाऱ्यांचा) घड, तोरिंजन, कांगल्या अशा माटोळीला बांधायच्या फळांचा भाव सकाळी लिहायचा आणि त्याच विक्रेत्याकडे संध्याकाळी उशिरा पुन्हा विचारायचा. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी उरलेल्या कांगल्यांना कोण विचारणार? खरेदी किंमत आणि विकून हाती येणारी किंमत, यांतली जी कमी ती धरायची, हा नियम मग समजावून सांगावा लागत नाही. विक्रेत्या मावशींना तो आधीपासून ठाऊक असतो. व्हेनिसचे व्यापारीही दुहेरी नोंद, म्हणजे प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा अशा दोन्ही बाजूंनी लिहायची पद्धत, आधी वापरत होते; लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने ती १४९४मध्ये छापून मांडली. वर्गातही मी हाच क्रम ठेवतो. आधी व्यवहार, मग नियम.

रोख अंदाजपत्रकाला मासेमारीबंदी पुरते. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस ट्रॉलर धक्क्याला. आवक शून्य, पण कर्जाचा हप्ता चालू, इंजिनाची दुरुस्तीही याच दिवसांत. मालीम किंवा कुटबण या मासेमारी धक्क्यांजवळच्या मुलांना हे घरून माहीत असतं, तीच वर्गाला शिकवतात. छोट्या धंद्यांची सरकारी उद्यम नोंदणी, मुद्रा योजनेतलं ५० हजारांपर्यंतचं शिशू कर्ज, अन्नपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची (एफएसएसएआय) नोंदणी, यांचे अर्ज मी भरून घेतो, पण त्यांत फार वेळ घालवत नाही. फॉर्म कोणीही भरून देतो.

तुमच्या शाळेत करणार असाल तर एक विनंती. सर्वांत जास्त विक्री करणाऱ्या गटाला बक्षीस देऊ नका. तो गट बहुतेक वेळा ज्याच्या घरून जास्त सामान आलं तोच असतो. बक्षीस त्या वहीला द्या जिच्यात घरचा शेवटचा नारळसुद्धा लिहिलेला आहे, मग खाली तोटा निघाला तरी चालेल.