इनिश ईर: शेवटची बोट गेल्यावर पाहायचं बेट

आयर्लंडच्या पश्चिमेला, गॉलवेच्या उपसागराच्या तोंडाशी अरान नावाची तीन बेटं आहेत. थोरलं इनिश मोर, मधलं इनिश मान आणि धाकटं इनिश ईर. इंग्रजी नकाशात त्याला इनिशीर म्हणतात. या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम तीन किलोमीटर, आणि २०२२च्या जनगणनेत वस्ती ३४३. इथली घरची भाषा आयरिश. धाकटी बहीण डब्लिनला नोकरी करते, तिच्याकडे आई आणि मी उन्हाळ्यात गेलो होतो. त्या मुक्कामात तिघीजणी इनिश ईरला राहून आलो.

‘राहून’ या शब्दावर माझा भर आहे. उन्हाळ्यात या बेटावर रोज बोटी भरभरून माणसं येतात, आणि त्यातली बहुतेक तीन-चार तासांत परत जातात. धक्क्यावर उतरायचं, भाड्याची सायकल घ्यायची, गंजलेल्या जहाजासमोर फोटो काढायचा, चिप्स खायच्या आणि परतीच्या बोटीतून मोहेरचे उंच समुद्रकडे बघत निघायचं. त्या तीन-चार तासांत कानावर फक्त इंग्रजी पडतं, त्यामुळे ‘आयरिश बोलणारं बेट’ ही पर्यटन खात्याची थापच वाटावी. शेवटची बोट सुटली की अर्ध्या तासात रस्ते रिकामे होतात आणि दुकानात, धक्क्यावर, कुंपणापलीकडून आयरिश ऐकू येऊ लागते. बेट बघायचं असेल तर ते त्या वेळेला बघायचं. एक रात्र तरी राहाच.

आता तिथे पोचायचं कसं. भारतीय पासपोर्टवर आयर्लंडला व्हिसा लागतो, आणि युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. ‘पॅरिसपर्यंत आलोच आहोत तर जाऊन येऊ’ असा बेत आखणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. ब्रिटन आणि आयर्लंड मिळून भारतीयांसाठी एक संयुक्त योजना आहे. तिच्यात एका व्हिसावर दोन्ही देश होतात, पण ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी उतरावं लागतं आणि व्हिसावर त्या योजनेचा तसा उल्लेख असावा लागतो. अर्ज करण्याआधी त्या वेळचे नियम वाचून घ्या.

बेटावर जायला मुख्य वाटा दोन. क्लेअर परगण्यातल्या डूलिन गावातून बोट घेतली तर अंतर आठेक किलोमीटर, म्हणजे बोटीच्या वेगाप्रमाणे पंधरा ते तीस मिनिटं. ही सेवा साधारण वसंतापासून ऑक्टोबरपर्यंतच असते. दुसरी वाट गॉलवेच्या पश्चिमेला रॉस-अ-व्हील (इंग्रजीत रॉसाव्हील) बंदरातून. तिथून तासाभराचा प्रवास, पण बोटी बाराही महिने चालतात. गॉलवे शहरातून या बंदरापर्यंत बोटवाल्यांची बस असते, तिचं तिकीट बोटीबरोबरच काढावं लागतं हे विसरू नका. स्वतः गाडी चालवणार असाल तर गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते, तेवढं सोपं. मात्र गॉलवेच्या पश्चिमेला आयरिशभाषक प्रदेश सुरू झाला की रस्त्यावरच्या पाट्यांवर गावांची नावं फक्त आयरिशमध्ये असतात. २००५पासून तसा कायदाच आहे. नकाशात ‘रॉसाव्हील’ शोधत बसाल आणि पाटीवर वेगळीच अक्षरं दिसतील, तेव्हा ती आधीच लिहून ठेवा. विमानाचाही पर्याय आहे. इनव्हरिनच्या छोट्या धावपट्टीवरून नऊ आसनांची विमानं उडतात आणि दहा मिनिटांच्या आत पोचवतात. त्यात सामानाबरोबर माणसाचंही वजन करतात. हे कळल्यावर आईने बोटच पसंत केली.

बोट लागते. अटलांटिकच्या लाटा आहेत, मांडव्याची लाँच नव्हे. ज्यांना मळमळतं त्यांनी आधी अर्धा तास गोळी घ्यावी आणि मागच्या बाजूला, उघड्यावर बसावं. चढता-उतरताना खलाशी दोन्ही हातांनी धरून घेतात. सत्तरी ओलांडलेल्या आईला अडचण आली नाही, पण गुडघे फारच दुखत असतील तर पायऱ्यांचा विचार करा. भरती-ओहोटीप्रमाणे बोट आणि धक्का यांची उंची बदलत राहते. आणि वारा वाढला की बोटी रद्द होतात. परतीचं विमान असेल त्याच्या आदल्या दिवशी तरी मुख्य भूमीवर परत या.

धक्क्यावर घोडागाड्या उभ्या असतात. तरुण असाल तर सायकल घ्या किंवा चाला, पण म्हातारं माणूस बरोबर असेल तर घोडागाडीच. पैसे आधी ठरवायचे आणि रोखीने द्यायचे. बेटावर बँकेची शाखा नाही, तेव्हा युरो मुख्य भूमीवरूनच न्या. आमच्या गाडीवानाने कुठून आलात विचारलं. ‘इंडिया’ म्हटल्यावर लगेच म्हणाला, ‘वराडकर!’ आईने तेवढ्याच तत्परतेने त्याला सांगितलं की वराड हे गाव मालवणजवळ आहे आणि आमचं आजोळ तिथून फार लांब नाही. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचे वडील मूळचे वराडचे, आणि पंतप्रधान असताना २०१९च्या डिसेंबरात लिओ तिथे येऊनही गेले होते. त्यांनी मोठेपणी शिकवणी लावून आयरिश शिकून घेतलं, हे मात्र आईला गाडीवानाकडून कळलं. पुढचा सगळा रस्ता आई त्याच्याशी मालवणबद्दल बोलत होती. किती पोचलं देव जाणे.

बेट म्हणजे चुनखडीचा एक मोठा कातळ. समोरच्या क्लेअर किनाऱ्यावरचा बरेन नावाचा खडकाळ प्रदेश आहे, त्याचाच हा समुद्रात राहिलेला तुकडा. जमीन सपाट, पण भेगाळलेली. भेगांत पाय अडकेल इतक्या खोल फटी असतात आणि त्यांत नेचे आणि रानफुलं वाढतात, म्हणून चपला-सँडल नकोत, घोटा धरून ठेवणारे बूट हवेत. माती मुळात फारशी नव्हतीच. वाळू आणि समुद्री शेवाळ पाठीवरून वाहून आणून, कातळावर थर देऊन पिढ्यानपिढ्या लोकांनी ती तयार केली आणि तिच्यात बटाटे काढले. वाऱ्याने ती उडू नये म्हणून एवढ्याएवढ्याशा तुकड्यांभोवती दगडी गडगे. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड. मधल्या भोकांतून वारा जातो म्हणूनच गडगा टिकतो. पुष्कळशा शेतांना फाटक नसतंच. गुरं आत न्यायची तर गडग्याचा ठरावीक भाग पाडायचा आणि मागे वळून परत रचायचा. पर्यटकांनी गडग्यावर चढू नये, आणि दगड पडलाच तर जागेवर ठेवावा. इथे याहून मोठा शिष्टाचार नाही.

पाहण्यासारखं काय, तर सगळे आधी पूर्व किनाऱ्यावरच्या ‘प्लासी’ जहाजाकडे धावतात. नाव वाचून मराठी माणसाला १७५७ आठवणारच. ८ मार्च १९६०ला हे मालवाहू जहाज वादळात खडकावर आदळलं. बेटावरच्या लोकांनी किनाऱ्यावरून दोर सोडून, त्याला बांधलेल्या पाळण्यातून अकराच्या अकरा खलाशांना जिवंत बाहेर काढलं. काही आठवड्यांनी दुसऱ्या वादळाने जहाज उचलून भरतीच्या रेषेच्या वर आणून टाकलं, ते तिथेच आहे. एका गाजलेल्या विनोदी टीव्ही मालिकेच्या सुरुवातीच्या दृश्यात ते दिसतं, त्यामुळे गर्दी. पत्रा इतका खाल्ला गेलाय की जवळ जाणं शहाणपणाचं नाही, आत चढणं तर नाहीच. लहान मुलांचा हात सोडू नका. मला विचाराल तर सकाळच्या बोटी यायच्या आधी तिथे जावं.

मला जास्त आवडलं ते वाळूत बुडालेलं देऊळ, म्हणजे संत कीवानचं चर्च. दफनभूमीच्या मधोमध जमिनीच्या पातळीखाली, छप्पर नसलेलं. वाऱ्याने वाळू सतत आत येत राहते, आणि १४ जूनला या संताचा सण असतो म्हणून त्याआधी बेटावरची माणसं फावडी घेऊन ती उपसतात. मग तिथे प्रार्थना होते. हे दरवर्षी, शतकानुशतकं. कोणी सक्ती करत नाही, अनुदान देत नाही. त्या सुमारास जाणार असाल तर तारीख जमवा, पण राहायची जागा खूप आधी ठरवा.

टेकडीवर चौदाव्या शतकातला ओब्रायन घराण्याचा बुरूज आहे, त्याहून कितीतरी जुन्या दगडी कोटाच्या आत बांधलेला. १६५२मध्ये इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या सैन्याने तो घेतला. चढ छोटा पण खडा आहे. वर गेल्यावर गडग्यांचं अख्खं जाळं आणि पलीकडे २१४ मीटर उंचीचे मोहेरचे कडे दिसतात. दक्षिण टोकावरचं १८५७चं दीपगृह बाहेरूनच बघायचं, पण तिथपर्यंतचा रस्ता सुंदर आणि निर्जन आहे. पश्चिमेला संत एन्या यांची पवित्र विहीर आहे. सात खडे हातात घेऊन सात प्रदक्षिणा घालण्याची तिथे रीत आहे. आईला यात काहीच नवल वाटलं नाही. पर्स माझ्या हातात दिली, खडे वेचले आणि चालू लागली.

मुक्कामासाठी हॉटेलपेक्षा घरगुती सोय घ्या. घराच्या मालकिणीला ‘बॅन-अ-टी’ म्हणतात. उन्हाळ्यात देशभरातली शाळकरी मुलं तीन-तीन आठवडे आयरिश शिकायला या बेटावर येतात आणि अशाच घरांत उतरतात. वर्गातच नव्हे, जेवताना-खेळतानाही इंग्रजी बोलायची मनाई. त्यामुळे जून ते ऑगस्ट खोल्या मिळणं कठीण जातं. आधी फोन करून विचारा. आमच्या बॅन-अ-टीच्या स्वयंपाकघरात दिवसभर रेडिओ चालू होता. १९७२ला सुरू झालेलं आयरिश भाषेचं केंद्र. त्यावर गाणी, बातम्या आणि रोज कुठल्या गावात कोण वारलं त्याची यादी. यादी सुरू झाली की बाई हातातलं काम थांबवायच्या. आईने नंतर मला सांगितलं, ‘अगं, शब्द कळला नाही एक, पण काय चाललंय ते कळत होतं.’

भाषेबद्दल एक अनुभव सांगते. संध्याकाळी पबमध्ये चार-पाच जणं आयरिशमध्ये रंगात येऊन बोलत होती. आम्ही शेजारच्या टेबलावर बसलो आणि त्यातल्या एकाने आमच्याशी दोन शब्द बोलताच सगळं टेबल इंग्रजीवर आलं. सौजन्य म्हणून! मुंबईत चार मराठी माणसांत पाचवा आला की आपण हिंदीवर उतरतो, तसंच. बहिणीने मोडक्यातोडक्या आयरिशमध्ये आभार मानले, तेव्हा ते हसून पुन्हा आपल्या भाषेकडे वळले. म्हणून दोन-तीन वाक्यं पाठ करून जा. भेटल्यावर ‘जिया घ्विच’, आभाराला ‘गुरव माह अगत’, निरोपाला ‘स्लॉन’. उच्चार चुकला तर कोणी हसत नाही. उत्तर मात्र आयरिशमध्येच येईल, तेवढी तयारी ठेवा. फुकटचा धडा म्हणून कोणाला धरून बसू नका, माणसं आपापल्या कामात असतात. आणि बायकांच्या स्वच्छतागृहावर ‘एम-एन-ए’ आणि पुरुषांच्या ‘एफ-आय-आर’ अशी अक्षरं असतात. पहिलं अक्षर बघून घाईने आत शिरणाऱ्या पुरुषांनी जपावं.

जेवणाचं शाकाहाऱ्यांनी आधीच बघावं. मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. पबमधलं मासे-शिंपल्यांचं दाट दुधाळ सूप आणि सोबत तपकिरी सोडा ब्रेड, एवढ्यावर मी आनंदात राहिले असते. आईसाठी भाजीचं सूप, चीज टोस्ट आणि बटाटे हेच आलटून पालटून होतं. एक छोटं किराणा दुकान आहे, तिथे फळं, ब्रेड, दूध मिळतं. घरून न्यायचं तर दशमी नको, तिच्यात दूध-तूप असतं. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, त्यामुळे पेढे, बर्फी, तुपातले लाडू घरीच ठेवा. शेंगदाण्याची चटणी आणि तेलावरच्या पुऱ्या चालल्या.

छत्री नेऊ नका, वारा ती उलटी करतो. टोपीचा रेनकोट, आत एक लोकरी थर, जूनमध्येसुद्धा. त्या दिवसांत दहा वाजेपर्यंत उजेड असतो, तेव्हा जेवून पुन्हा बाहेर पडायला वेळ मिळतो, आणि तोच उत्तम वेळ.

मुक्काम जमणारच नसेल तर सकाळची पहिली बोट घ्या आणि परतीची शेवटची. धक्क्यावर उतरल्यावर सगळी गर्दी डावीकडे जहाजाच्या दिशेने जाईल. तुम्ही उजवीकडे वळा, विहीर आणि पश्चिम किनारा आधी करा, आणि जहाज दुपारी उशिरा. डूलिनहून तिकीट काढत असाल तर परतीला मोहेरच्या कड्यांखालून नेणारं जोड तिकीट मागा. खालून ते कडे वरच्यापेक्षा खूपच भारी दिसतात.