पट्टीची पाठ

परवा दुपारी लाइट गेली म्हणून दारं सताड उघडी होती. मी आत शिरलो तशी नववीतल्या पुतणीनं भूमितीची वही पालथी घातली. भूमिती कुणी लपवत नाही.

"काय लिहायलीस गं?"

"काही नाही काका. प्रमेय."

वहीच्या शेवटच्या पानावर प्रमेय! मी माठातलं पाणी पिऊन मुकाट बाहेर आलो.

मागची बाजू हे आमचं घराणंच म्हणायचं. माझ्या वेळी कोरा कागद मोजून मिळायचा. भरपूर होत्या त्या आडतीच्या पट्ट्या, म्हणजे आडत्यानं दिलेल्या विक्रीच्या पावत्या. अण्णा मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, तूर घालून आले की पट्टी भिंतीतल्या देवळीत ठेवायचे. पुढच्या बाजूला क्विंटल, भाव, हमाली, तोलाई, आडत, आणि सगळं कापून तळाशी उरलेली केविलवाणी रक्कम. पाठ मात्र कोरी करकरीत. रात्री सगळे झोपले की मी तिथं कविता लिहायचो आणि पट्टी होती तशी देवळीत सरकवायचो. आठ-पंधरा दिवसांनी अण्णा साठलेल्या पट्ट्या खुंटीच्या तारेत ओवून टाकायचे. खचकन.

आमचं गाव अंबाजोगाई. मुकुंदराजांची समाधी इथलीच, संतकवी दासोपंतही इथलेच. दासोपंतांनी तर पासोडीवर लिहिलं, सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर. शाळेत गुरुजी याचं तत्त्वज्ञान सांगत होते. मला मात्र वाटलं, बिचाऱ्यांचे कागद संपले असतील. अजूनही मला तसंच वाटतं.

लिहायचो काय, तर समुद्र. पंधराव्या वर्षी समुद्रावर सतरा कविता. पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे धनेगावचं मांजरा धरण, तेही शाळेच्या सहलीत, तेही निम्मं उघडं पडलेलं. दुष्काळावर एक ओळ नाही. तो पट्टीच्या पुढच्या बाजूला होताच की. आणि या कविता कुणी वाचू नयेत म्हणून मी धडपडत होतो. मग त्या गादीखाली का नाही ठेवल्या, रोज अण्णांचा हात जायचा त्या देवळीतच परत का ठेवल्या, हे मला आजही धड सांगता येत नाही.

गेल्या दिवाळीत जुनं घर झाडताना ती तार सापडली. गंजलेली, पण पट्ट्या ओळीनं. तळाच्या कवितांना बरोबर मध्यभागी भोक. एक ओळ अशी: "सागरा, तुझी", मग भोक, मग "माझ्या उशाशी". काय असेल तिथं? गाज असेल असं म्हणावंसं वाटतं, पण तेव्हा हा शब्द मला माहीतच नव्हता. लाट असावी. नाहीतर चादर.

तारेवरची एकेक पट्टी चाळत वर वर आलो. खालच्या सगळ्या, म्हणजे आधीच्या, मधोमध भोसकलेल्या. दहावीच्या वर्षापासून मात्र भोक कोपऱ्यात. एकाही अक्षराला धक्का नाही. ज्या पट्ट्यांची पाठ कोरी आहे, त्यांना पूर्वीसारखंच मधोमध.

अण्णा कवितेबद्दल कधी अवाक्षर बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत.

पुतणीला दोन कोऱ्या वह्या आणून द्याव्यात असं मनात आलं होतं. नाही आणल्या.