चिंक्वे तेर्रे: चार गावं झाली, पाचवं बाकी

चिंक्वे तेर्रे म्हणजे इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरची पाच गावं. त्यातली मोंतेरोस्सो, व्हेर्नात्सा, कोर्नील्या आणि मानारोला ही चार गावं आता पायी जोडून झाली. रियोमाज्जोरे तेवढं राहिलंय.

मोंतेरोस्सो ते व्हेर्नात्सा जेमतेम साडेतीन किलोमीटर. पण आकड्यावर जाऊ नका. लिंबाच्या बागा मागे पडल्या की उंचसखल दगडी पायऱ्या सुरू होतात आणि दोन तास सहज जातात. वाट मध्येच इतकी चिंचोळी होते, की समोरून कुणी आलं तर एकाने भिंतीला टेकून उभं राहायचं. हा टप्पा आणि पुढचा कोर्नील्यापर्यंतचा, दोन्हींना तिकीट आहे. ते पैसे मला अजिबात जड वाटले नाहीत, कारण इथे वाट टिकवणं हेच मोठं काम आहे.

सगळा डोंगर टप्प्याटप्प्यांच्या द्राक्षमळ्यांचा, आणि प्रत्येक टप्पा चुना-सिमेंटशिवाय रचलेल्या दगडी बांधावर उभा. कोकणातले गडगे पाहिलेल्यांना ही रचना लगेच ओळखीची वाटेल. एका ढासळलेल्या बांधापाशी मी बराच वेळ थांबलो. दर्शनी बाजूला मोठे दगड, मागे बारीक दगडांची भर, म्हणजे पावसाचं पाणी तुंबून न राहता झिरपून जातं. मळा पडीक राहिला की बांधाची डागडुजी थांबते, बांध सुटतो आणि मागची माती खाली येते. ऑक्टोबर 2011च्या अतिवृष्टीत मोंतेरोस्सो आणि व्हेर्नात्सात चिखल-दगडांचा लोंढा शिरला होता. हे माहीत असलं की त्या बांधांकडे नुसता देखावा म्हणून पाहवत नाही.

कोर्नील्या एकटंच उंच कड्यावर, त्याला बंदर नाही. स्टेशनवरून गावात चढायला 382 पायऱ्या आहेत. व्हेर्नात्साकडून चालत आलं तर त्या टळतात.

तिथून मानारोलाची खालची वाट बंद होती, म्हणून वर डोंगरातल्या व्होलास्त्रा गावावरून गेलो. खरं सांगतो, खालची उघडी असली तरी हीच घ्या. सुरुवातीची चढण खडी आहे, दम काढते. पण एकदा वर पोचलात की वाट थेट द्राक्षमळ्यांतून आडवी जाते, हाताशी वेली आणि खाली समुद्र. द्राक्षांच्या पेट्या वाहून नेणाऱ्या मोनोरेलचा एकच बारीक रूळ उतारावरून सरळ खाली गेलेला दिसतो. व्होलास्त्रा ते मानारोला मात्र सलग पायऱ्यांची उतरण आहे. गुडघे कुरकुरत असतील तर ट्रेकिंग पोल हवेतच.

आता मानारोला ते रियोमाज्जोरे, म्हणजे 'व्हिया देल्लामोरे'. 2012मध्ये दरड कोसळल्यावर बंद झालेली ही वाट 2024मध्ये पुन्हा खुली झाली. तिची वेळ आधी राखून ठेवावी लागते. त्यानंतर पोर्तोव्हेनेरे ते रियोमाज्जोरे हा लांबचा पल्ला करायचाय, कांपील्या गावावरून. पोर्तोव्हेनेरेला रेल्वे नाही, म्हणून सकाळी जवळच्या ला स्पेत्सिया शहरातून बसने तिथे जाऊन उलट चालत यायचं, म्हणजे शेवटी रियोमाज्जोरेला ट्रेन मिळते.