झुंज थांबवायची तर आधी जागा धरा

बैल एकदा शिंगाला शिंग लावून भिडले की त्यांना सोडवणं मालकांनाही जमत नाही. चारशे किलोची दोन जनावरं, भोवती दोनशे माणसांचं रिंगण, आणि त्यात पोहोचलेले दोन पोलीस काय करणार? म्हणून ठाणे, शीळ, तळोजा, पनवेल या पट्ट्यात कुठे झुंज ठरल्याची कुणकुण लागली, तर खरं काम आदल्या दिवसांत करायचं असतं. त्याची सुरुवात जागेपासून करा.

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात (1960) झुंजीसाठी दोन कलमं आहेत. 11(1)(एम) जनावराला झुंजवणाऱ्याबद्दल आहे. तो गुन्हा अदखलपात्र, म्हणजे पोलीस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) करतात आणि तुम्हाला घरी पाठवतात. त्याच्या पुढचं 11(1)(एन) झुंजीची जागा चालवणारा, जागा वापरू देणारा आणि प्रवेशाचे पैसे घेणारा यांच्याबद्दल आहे, आणि कलम 31 मुळे ते दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस थेट एफआयआर नोंदवून तपास करू शकतात. तक्रार नुसती ‘एम’ खाली लिहिली की तिथेच मरते. जोडीला महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्याचं (1887) कलम 12 घाला. सार्वजनिक जागी जनावरं झुंजवणाऱ्याला आणि तिथे हजर राहून साथ देणाऱ्याला पोलीस त्याखाली वॉरंटशिवाय पकडू शकतात.

1960 च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. पन्नास रुपयांत बैलाची एका दिवसाची पेंडही येत नाही! हे आकडे बदलेपर्यंत भांडायलाच हवं. पण तोवर आयोजकाला दंडाची भीती नसते. भीती असते ती एफआयआरची आणि बैल जप्त होण्याची.

आयोजक बैलगाडा शर्यतीचा हवाला हमखास देतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाने बंद झालेल्या शर्यती राज्याच्या 2017 च्या दुरुस्तीने परत आल्या आणि 18 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. पण ती सवलत शर्यतीपुरती आहे. झुंजीला परवानगी देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांनाही नाही. परवानगीची प्रत मागा आणि तिच्यात नेमकं काय लिहिलंय ते वाचा.

आता जागा. अर्जात ‘गावामागचं मैदान’ असं लिहू नका. सर्व्हे नंबर, गाव, तालुका लिहा, नकाशावरचं लोकेशन जोडा. सातबारा ऑनलाइन दिसतो. मालकाचं नाव मिळालं की त्यालाही पत्र द्या की जागा वापरू देणं हाच गुन्हा आहे. त्याला बैलाशी देणंघेणं नसतं, पण स्वतःचं नाव एफआयआरमध्ये यायला नको म्हणून तोच गेटला कुलूप घालतो. नवी मुंबईत मोकळा भूखंड पुष्कळदा सिडकोचा असतो. तिथे सिडकोला लेखी कळवा.

पोलीस ठाण्यात अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. मागणी एकच ठेवा: आयोजकांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 168 ची नोटीस, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून पोलीस आधीच बजावतात ती, पूर्वीची ‘149 ची नोटीस’. शीळ ठाणे पोलीस आयुक्तालयात येतं, महापे नवी मुंबईच्या. ऐनवेळी जागा थोडी सरकली तरी आयुक्तालय बदलतं. म्हणून अर्ज दोन्हीकडे द्या. गुन्हा घडलाच तर हद्दीबाहेरच्या ठाण्यातही शून्य क्रमांकाने एफआयआर होतो.

त्या दिवशी 112 वर फोन करा आणि रिंगणापासून लांब राहा. बिथरलेला बैल माणसांच्या फटीतूनच पळतो. व्हिडिओ दुरून, सलग घ्या: आधी रस्त्याची पाटी, मग झुंज, मग टेम्पोंचे नंबर. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली की दाबली जाते आणि तिच्यातली तारीख-वेळ जाते, म्हणून मूळ फाइल त्याच फोनमध्ये ठेवा. न्यायालयात अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं.

मोकळ्या रानात दोन बैल भिडले तर कमजोर असलेला मान वळवून निघून जातो. रिंगणात त्याला वाटच नसते, शेपूट पिरगळून पुन्हा आत ढकलतात. सगळ्यांत सहन होत नाही ते हे. शिंगाच्या आतलं हाड पोकळ असतं आणि मोठ्या बैलात ती पोकळी कपाळातल्या सायनसला मिळते. शिंग बुडातून मोडलं की नाकपुडीतून रक्त येतं, उघड्या भोकात माश्या बसतात, काही दिवसांत अळ्या. मालक हळद भरतो आणि भागलं समजतो. पोटाची जखम त्याहून फसवी. कातडीवर रुपयाएवढं भोक, आत स्नायू फाटलेले. बैल रवंथ सोडतो आणि दोन-तीन दिवसांनी बसतो तो उठतच नाही.

जखमी बैलासाठी 1962 वर फोन करून फिरता पशुवैद्यकीय दवाखाना बोलवा. तोवर सावली करा, जखमेवर स्वच्छ ओलं फडकं ठेवा. आडवा पडला असेल तर दोन्ही बाजूंना गवताचे भारे लावून छातीवर बसता ठेवा. कुशीवर राहिला की पोट फुगतं. तोंडात काही ओतू नका. डॉक्टरांचा लेखी दाखला घ्या, कारण जनावराला मारणं किंवा अपंग करणं यासाठीचं भारतीय न्याय संहितेचं कलम 325 (5 वर्षांपर्यंत कैद) लावायचं तर त्याचाच आधार लागतो.

जप्त बैल खटला संपेपर्यंत पांजरपोळात ठेवावा आणि खर्च मालकाने द्यावा, ही 2017 च्या केंद्रीय नियमांतली तरतूद अर्जातच लिहा, नाहीतर संध्याकाळी तो त्याच टेम्पोतून परत जातो. आणि 1960 च्या कायद्याच्या कलम 36 प्रमाणे खटला 3 महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. दहाव्या आठवड्यात तपास अधिकाऱ्यांना भेटून आरोपपत्राची तारीख विचारा.