अमेरिकन डबा, पुण्याची वीज

अमेरिकेतल्या एडिसनहून आलेल्या आत्तेभावाने बॅग उघडली. आत बदामाची पाकिटं, पोरांचे कपडे आणि टॉवेलात गुंडाळलेला काळ्या पत्र्याचा एक डबा. "हे घे तुझं खोकं. किती जड आहे रे! तुझ्यापायी आईची दोन किलोची चॉकलेटं राहिली." आत्याने माझ्याकडे बघितलं ते अजून आठवतं.

खोकं म्हणजे ट्यूब प्रीॲम्प पेडल. गिटार आणि ॲम्प्लिफायरच्या मध्ये पायाखाली ठेवायचं, आत खरोखरचा व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायची ती काचेची नळी, म्हणजेच ट्यूब) असलेलं, १९८०च्या दशकाच्या शेवटचं. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. मला खरं तर हवा होता बी. के. बटलर यांचा 'ट्यूब ड्रायव्हर'. एरिक जॉन्सन आणि डेव्हिड गिलमोर या नामवंत गिटारवादकांच्या पायाखाली असायचा तो. पण त्या दोघांमुळेच जुन्या ट्यूब ड्रायव्हरची किंमत माझ्या हाताबाहेर गेली आहे. मग त्याच काळातलं, तशाच घडणीचं, पण फारसं कुणाला माहीत नसलेलं हे पेडल आत्तेभावाच्या पत्त्यावर मागवलं. चार नॉब, एक पायाचा स्विच आणि मागून निघालेली चपट्या पिनांची वायर. साध्या पेडलला नऊ व्होल्टचा ॲडॉप्टर पुरतो. हे थेट भिंतीतून वीज घेतं, आणि खाली पत्र्यावर ठसठशीत लिहिलेलं: १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ.

आपल्याकडे २३० आणि ५०. हे मला माहीत नव्हतं असं नाही. उपायही माझ्याकडे तयार होता: प्रवासात वापरतात तो तळहाताएवढा कन्व्हर्टर. पाठीवर '१६०० वॅट' छापलेलं. पेडल खातं जेमतेम दहा वॅट, म्हटलं काम झालं. मीटर लावून बघितलं, ११० च्या आसपास दाखवत होता. पेडल जोडलं. व्हॉल्व्ह केशरी झाला आणि ॲम्पमधून गांधीलमाशांचं पोळं फुटल्यासारखा आवाज यायला लागला. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर होता तरी तेच. पाच मिनिटांत पेडलच्या उजव्या बाजूला हात ठेववेना, तेव्हा प्लग उपटला.

नंतर कळलं ते असं. हे हलके कन्व्हर्टर केस वाळवायच्या यंत्रासाठी, इस्त्रीसाठी असतात. ते व्होल्टेज उतरवत नाहीत, २३० च्या लाटेचे तुकडे कापतात. इस्त्रीच्या तारेला फक्त सरासरी उष्णतेशी मतलब, तिला चालतं. ट्रान्सफॉर्मरला मात्र सलग, गोल लाट लागते. कापलेल्या लाटेचं टोक १२० च्या लाटेपेक्षा पुष्कळ वर जातं, आणि प्रत्येक कापाची कड गिटारच्या सिग्नलमध्ये करवतीसारखी उतरते. माझ्या स्वस्त मीटरने दाखवलेले ११० म्हणजे निव्वळ समजूत होती. पेडल त्या दिवशी जळलं नाही, हे त्या जुन्या ट्रान्सफॉर्मरचे उपकार.

दुसऱ्या दिवशी तपकीर गल्ली गाठली. बुधवार पेठेतल्या या गल्लीत मोबाइलच्या कव्हरांचा पूर ओलांडून आत गेलं की अजूनही ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारे भेटतात. मी म्हटलं, "२३० चे १२० करून द्या."

"कशाला लावणार?"

सांगितलं. त्यांनी पेडल उलटं करून '६० हर्ट्झ' वर बोट ठेवलं. "मग १२० नका मागू."

मुद्दा साधा होता, पण मी इंजिनिअर असूनही विसरलो होतो. ६० हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर चालवला की प्रत्येक अर्धी लाट जास्त वेळ टिकते, आणि त्याच व्होल्टेजला लोखंडी गाभ्यावरचा चुंबकीय भार वीस टक्क्यांनी वाढतो. गाभा भरला की ट्रान्सफॉर्मर तापतो आणि घूं करतो. पूर्ण तोल साधायचा तर १०० व्होल्टच द्यायला हवेत. पण तेवढे उतरवले तर व्हॉल्व्हचा हीटर, म्हणजे त्याला आतून तापवणारी तार, उपाशी राहतो. त्याला १२.६ व्होल्ट लागतात आणि दहा टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणून दोन टॅप, म्हणजे वीज घ्यायच्या दोन जागा, ठरल्या: १०० आणि ११०. "ऑटो देऊ का? स्वस्त पडेल, हलकाही होईल," त्यांनी विचारलं. तिथे मात्र माझं डोकं चाललं. ऑटो ट्रान्सफॉर्मरमध्ये एकच गुंडाळी असते, म्हणजे उतरलेल्या बाजूचं घरच्या लाइनशी नातं तुटत नाही. गिटारच्या तारा पेडलच्या पत्र्याशी जोडलेल्या, आणि तारांवर माझी बोटं. दोन वेगळ्या गुंडाळ्यांचाच घेतला, पन्नास व्हीए, साडेआठशे रुपये. पेडलला तीन पिनांची वायर लावून पत्रा अर्थ केला. अर्थिंग नसलेल्या जुन्या वाड्यात असली वस्तू पायाखाली घेऊन वाजवू नये. मी नारायण पेठेत मित्राच्या वाड्यात प्रॅक्टिस करतो, तिथे आधी अर्थिंग करून घेतलं.

११० चा टॅप, हीटरवर ११.८ व्होल्ट. उत्तम. गांधीलमाशा गेल्या. मागे राहिला तो एक जाड, शांत हुंकार.

या हुंकाराने माझे तीन आठवडे खाल्ले. गिटारचा व्हॉल्यूम बंद केला तरी तो तसाच, म्हणजे गिटारचा दोष नाही. केबल बदलल्या, ट्यूबलाइट बंद केल्या, पंख्याचा रेग्युलेटर बंद केला, शेजाऱ्यांच्या मिक्सरवर संशय घेतला. शेवटी एका रात्री वैतागून नुसत्या हुंकारालाच ट्यूनर, म्हणजे स्वर ओळखणारं यंत्र, लावला. त्याने 'जी' हा स्वर दाखवला, जरासा चढा.

तिथे दिवा पेटला. गिटारच्या सहाव्या तारेवर तिसऱ्या पट्टीचा जी म्हणजे ९८ हर्ट्झ. त्याच्या जरा वर १०० हर्ट्झ. आपली वीज ५० ची, पण पेडलच्या आत वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या डायोडांनी दोन्ही अर्ध्या लाटा एका बाजूला आणल्या की उरतात १०० ठोके. (अमेरिकेत हाच दोष १२० हर्ट्झचा, म्हणजे ए शार्प आणि बी यांच्या बरोबर मधोमध, कुठल्याच स्वराचा नाही. आपला हुंकार निदान सुरात आहे.) ५० हर्ट्झचाही ट्यूनर जीच दाखवेल, फक्त एक सप्तक खाली, म्हणून मोबाइलवर आवाजाचा आलेख काढून खात्री केली. १०० वर उंच सुळका, मग २०० वर, मग ३००. हा बाहेरून येणारा गोंगाट नव्हता. पेडलच्या आतली वीज गाळलीच जात नव्हती.

पेडल घेऊन काकांकडे गेलो. काका म्हणजे आमच्या जुन्या घराजवळचे रेडिओ दुरुस्तीवाले, आता पंचाहत्तरीचे. दुकान बंद केलंय पण घराच्या गॅलरीत टेबल तसंच आहे. त्यांनी आधी सिरीज बोर्ड काढला: होल्डरमध्ये साठ वॅटचा बल्ब, त्याच्यातून वीज जाऊन मग यंत्राला. यंत्रात शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, यंत्र वाचतं. आमचा बल्ब क्षणभर चमकला आणि मंदावला. "जिवंत आहे," काका म्हणाले. मग प्लग काढून, कंडेन्सर रिकामे करून, झाकण उघडलं.

वीज गाळणारे दोन मोठे इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर, ४७० मायक्रोफॅरडचे, नेमके व्हॉल्व्हला चिकटून. तीस वर्षं बंद डब्यात व्हॉल्व्हच्या शेजारी शेकत बसलेले. एकाची टोपी फुगलेली. "आतलं पाणी वाळलं की हा नुसता डबा," काकांनी तो बोटाने टिचकला. नवे, १०५ डिग्री उष्णता सोसणारे टाकले, दोन्ही मिळून चाळीस रुपये. मी त्यांना व्हॉल्व्हपासून चार बोटं लांब बसवा म्हटलं, तर म्हणाले, "तू कर, मला दिसत नाही नीट." सोल्डर मी मारलं. वरून त्यांच्या सूचना चालूच: "अरे, आधी तार तापव, मग शिसं लाव. शिसं तापवून ओततोस काय!"

जोडलं. जी गेला. अशी शांतता की ॲम्प बंदच आहे असं वाटून मी लाइट तपासला.

तार छेडली तर आवाजामागे घुंगरू वाजल्यासारखा एक बारीक नाद. काकांनी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने व्हॉल्व्हवर हलकेच टकटक केलं. स्पीकरमधून टण्, टण्. व्हॉल्व्हच्या आतल्या जाळ्या सैल झाल्या होत्या आणि तो माइकसारखा वागत होता. नवा हवा.

हे २०२२ चं वर्ष. मार्चमध्ये रशियातून व्हॉल्व्हची निर्यात अडकल्याची बातमी आली आणि किमतींनी उडी मारली. गिटारवाल्यांचे व्हॉल्व्ह आज मुख्यतः रशियातलं साराटोव्ह, स्लोव्हाकियातलं चादत्सा आणि चीन इथून येतात. एक नाका बंद झाला की बाकीचे महाग होणारच. स्लोव्हाकियाचा एक मागवला आणि तो येईपर्यंत रविवारी जुन्या बाजारात चक्कर टाकली. एका चादरीवर रेडिओची हाडं पसरलेली होती. त्यात नऊ पिनांचा एक व्हॉल्व्ह, काचेवर पुसट 'ईसीसी८५'. माझ्या पेडलमधला १२एएक्स७, त्याचं युरोपीय नाव ईसीसी८३. पिना तेवढ्याच, आकार तोच, दोनचाच फरक. पन्नास रुपयांत उचलला आणि विजयी मुद्रेने काकांसमोर ठेवला.

"लावू नकोस."

मग एक शिकवणी झाली. ई म्हणजे हीटर ६.३ व्होल्टचा. सी म्हणजे ट्रायोड, सिग्नल मोठा करणारा भाग; दोन सी म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड. आठ म्हणजे नऊ पिनांचा छोटा बेस. इथपर्यंत दोघे भाऊ. पण ८३ च्या हीटरला मधून एक तार काढलेली असते, नवव्या पिनेवर. त्यामुळे तो ६.३ वर चालतो आणि चौथ्या-पाचव्या पिनेत १२.६ दिले तरी चालतो. ८५ ला ती सोय नाही, त्याच्या नवव्या पिनेवर नुसता आडोसा. माझ्या पेडलमध्ये तो बसला असता, दुप्पट व्होल्टने भगभगून पेटला असता आणि मेला असता. "नंबर वाचायचा, तोंड नाही बघायचं," असं म्हणून काका आत गेले.

येताना त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला व्हॉल्व्ह आणला. ईसीसी८३, आणि खाली तीन अक्षरं: बीईएल. बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स. १९६०च्या दशकापासून त्यांनी रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले, हे मला पुस्तकातून माहीत होतं, हातात प्रथमच आला. काकांनी तो एका मंडपवाल्याच्या मोडीत काढलेल्या लाउडस्पीकर ॲम्प्लिफायरमधून काढून ठेवला होता. कुणाकुणाच्या लग्नातली सनई त्यातून गेली असेल! पैसे घेतले नाहीत. बेसच्या काळ्या पडलेल्या पिना साफ केल्या, व्हॉल्व्ह बसवला, पेन्सिलीने ठोकला. मुका.

आता आवाजाबद्दल. इथे माझा थोडा भ्रमनिरास झाला, तो लपवत नाही. झाकण उघडं असताना मी प्लेटवरचं व्होल्टेज मोजलं होतं. डेटाशीटमध्ये या व्हॉल्व्हसाठी २५० व्होल्टचे आकडे दिलेले असतात. माझ्या पेडलमध्ये ते शंभरीही गाठत नाही. सिग्नल व्हॉल्व्हपर्यंत पोचायच्या आधीच एक छोटी आयसी त्याला भरपूर मोठा करते, मगच तो अर्धपोटी व्हॉल्व्हवर आदळतो आणि चेपला जातो. या काळातल्या बऱ्याच ट्यूब पेडलांची रचना अशीच आहे. म्हणजे मी मनात धरलेलं 'डब्यात मावलेला मार्शल ॲम्प्लिफायर' हे प्रकरण तिथे नव्हतंच. तरीही आवाज आयसीच्या पेडलसारखा नाही. हळू छेडलं तर जवळजवळ स्वच्छ, जोर दिला तर लाटेची एक बाजू आधी चपटी होते आणि सूर घोगरा होतो, ठुमरीत गळा जरा बसल्यासारखा. गिटारचा व्हॉल्यूम सातवर आणला की पुन्हा मोकळा. हे मला फार आवडलं, अजून आवडतं.

स्लोव्हाकियाचा व्हॉल्व्ह आल्यावर परीक्षा घेतली. आमच्या ड्रमरला पाठ फिरवून बसवलं, मी दोन्ही आलटून पालटून लावले, प्रत्येक वेळी गरम व्हायला दोन मिनिटं. दहापैकी पाच वेळा त्याने बरोबर ओळखलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच. ईसीसी८२ लावला तेव्हा मात्र त्याने लगेच मान वळवली. त्याचा वाढवण्याचा गुणक वीसच्या आसपास, ८३ चा शंभर, त्यामुळे खरखर निम्म्याहून कमी झाली. पण ज्या फरकासाठी लोक जुन्या काचांना हजारो रुपये मोजतात, तो आमच्या चार कानांना सापडला नाही. चाळीस रुपयांच्या कंडेन्सरांनी केलेला फरक मात्र आईलाही स्वयंपाकघरातून कळला. "बंद केलंस का ते एकदाचं?" असं तिने विचारलं, आणि मी तेव्हा वाजवायला सुरुवातच करत होतो.

बीईएलचाच ठेवला आहे, कारण काकांनी दिलाय.

गणपतीत पहिल्यांदा बाहेर नेलं. पेडल दीड किलो, त्याचा ट्रान्सफॉर्मर दोन. मांडवात संध्याकाळी रोषणाई लागली की व्होल्ट घसरायचे, तेव्हा ११० चा टॅप. रात्री उशिरा, सगळं बंद झाल्यावर २४५ पर्यंत चढायचे, तेव्हा १००. साउंडवाला माझ्या पायाशी ती लोखंडी विटेसारखी वस्तू बघून म्हणाला, "दादा, इन्व्हर्टर आणलाय काय?" मी हो म्हटलं.

अजून एक गोष्ट राहिली आहे. घरी वाजवताना फ्रिज चालू झाला की स्पीकरमध्ये एक 'टक' येतो. काका म्हणतात, फ्रिजच्या प्लगला कंडेन्सर लाव. आई म्हणते, माझ्या फ्रिजला हात लावायचा नाही.