गुरुजींची पावसाची वही

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं पत्र मिळालं. गावाबद्दल, शाळेबद्दल, सगळ्या शिक्षकांबद्दल चार शब्द लिहून पाठवा, असं समितीने कळवलं आहे. सगळ्यांबद्दल बाकीचे लिहितीलच. मी लिहायला बसले की मला देशावरचे गुरुजीच दिसतात, त्यामुळे हे मनोगत त्यांच्याबद्दलच आहे. इतर गुरुजनांनी राग मानू नये.

गुरुजी सांगोल्याकडचे. १९७२च्या दुष्काळात त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडलेली. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी त्यांची नेमणूक झाली ती थेट आपल्या आंबोलीला, आणि तीही जूनमध्ये. ज्याच्या गावात वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस, तो माणूस सरासरी सात हजार मिलिमीटरच्या गावात आला. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना वाटलं, हे काही टिकत नाहीत. कपडे वाळायचे नाहीत, वह्यांना बुरशी यायची, भरदुपारी वर्गात धुकं शिरलं की फळा दिसायचा नाही. आधीचे एक-दोन जण बदली करून गेलेच होते. गुरुजी मात्र पडवीत उभे राहून पावसाकडे बघत बसायचे. आम्हाला त्याचं नवल वाटायचं. आम्ही पाऊस बघायचो नाही. आमच्यासाठी तो चार महिन्यांचा चिखल होता. इरलं सावरत शाळेत यायचं आणि घोंगडीत शिरून घरी जायचं.

एके दिवशी त्यांनी वीतभर उंचीचा डालड्याचा डबा आणला, वरचा पत्रा नीट कापून काढला आणि शाळेमागच्या उघड्या कातळावर चार दगडांच्या आधाराने घट्ट बसवला. रोज सकाळी साडेआठला डब्यात लाकडी फूटपट्टी उभी धरायची, पाणी किती चढलं ते बघायचं, आकडा वहीत लिहायचा आणि डबा ओतून परत ठेवायचा. साडेआठच का, तर रेडिओवर जो पाऊस सांगतात तोही साडेआठचाच मोजलेला असतो. ही पाळी आम्हा सातवीच्या मुलांवर होती.

जुलैतल्या एका सकाळी माझी पाळी होती. रात्रभर कोसळलाच होता. मी गेले तर डबा काठोकाठ भरून वाहत होता. मी डब्याची उंची मोजली, तो आकडा वहीत घातला आणि वर्गात येऊन बसले. गुरुजींनी वही बघितली आणि मला जवळ बोलावलं. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाले, "पोरी, डबा भरला तवा पाऊस थांबला व्हता का?" मी म्हटलं, नाही. "मग ह्यो आकडा डब्याचा हाय, पावसाचा न्हाई." त्यांनी तो खोडायला लावला आणि त्या जागी लिहायला सांगितलं, ‘डबा भरून वाहिला. मोजता आला नाही.’

एवढ्यावर ते प्रकरण संपलं असतं. पण त्याच रात्री आईला शाळेमागे कंदील हलताना दिसला. आमचं घर शाळेला लागूनच, हे सगळ्यांना माहीत आहे. मध्यरात्र उलटलेली, बाहेर वाऱ्यापावसाचा धुमाकूळ. काही विपरीत घडलं की काय म्हणून तिने बाबांना उठवलं. बाबा इरलं घेऊन गेले आणि थोड्या वेळाने भिजून चिंब होऊन आले. आईने विचारलं, "काय झाला?" बाबा म्हणाले, "काय नाय गो. मास्तर पाऊस मेजतत."

डबा पुन्हा भरून वाहू नये म्हणून गुरुजी रात्री उठून मोजत होते, आकडा टिपून डबा रिकामा करत होते आणि सकाळच्या आकड्यात तो मिळवत होते. पावसाचा जोर असेतो त्यांनी हे केलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी तपासायला येणार नव्हतं, पगारात त्याचा पैसा मिळणार नव्हता. आईने दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यासाठी गरम पेज पाठवायला सुरुवात केली आणि बाबा रोज संध्याकाळी मला विचारू लागले, "आज किती?" शेतात राबणारा माझा बाप, शाळेची पायरी न चढलेला, पण मिलिमीटर म्हणजे काय ते त्याला माझ्याआधी कळलं. पुढे सातवीनंतर मुलीला सावंतवाडीला शिकायला ठेवायची की नाही हा विषय घरात निघाला, तेव्हा गुरुजी येऊन फक्त एक वाक्य बोलले आणि बाबांनी मान डोलावली. जो माणूस रात्री उठून पाऊस मोजतो तो खोटं सांगणार नाही, एवढा साधा हिशेब होता त्यांचा.

त्या वहीवरून गुरुजींनी आम्हाला भूगोल शिकवला. समुद्रावरून येणारं बाष्प सह्याद्रीला अडतं, वर चढतं, थंड होतं आणि आपल्या डोक्यावर रितं होतं. घाट ओलांडून पुढे जाईपर्यंत त्यात फारसं काही उरत नाही, म्हणून सांगोला कोरडा. पण मग ते आम्हाला हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी असलेल्या देवळाकडे घेऊन गेले. गुहेतून येणाऱ्या त्या पाण्याशी उभं करून म्हणाले, हे पाणी पूर्वेला जातं, घटप्रभेला मिळतं, घटप्रभा कृष्णेला. आमच्या माणगंगेचं पाणी भीमेतून कृष्णेलाच जातं. तुमचं आणि आमचं पाणी शेवटी एकाच नदीत आहे. देशावरचा माणूस आपल्याला परका वाटायचा, तो त्या दिवसापासून वाटेनासा झाला.

मी पुढे पाटबंधारे खात्यात लागले, आणि पाऊस, आवक, विसर्ग यांच्या नोंदी हेच आयुष्य झालं. एका धरणावर पर्जन्यमापक बिघडला असताना "अंदाजाने भरा" असं मला सांगण्यात आलं होतं. मी त्या रकान्यात ‘मोजता आला नाही’ असं लिहिलं आणि खाली सही केली. बोलणी खाल्ली, पण त्याचा मला आजही अभिमान आहे. नोकरी लागल्यावर पेढे घेऊन सांगोल्याला गेले होते. गुरुजी निवृत्त झाले होते. पाया पडून उभी राहते तोच पहिला प्रश्न, "यंदा आंबोलीला किती झाला?"

आता गुरुजी नाहीत. आपल्या सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरच्या, अंगावर पट्टे असलेल्या बेडकाचं २००९ साली शास्त्रज्ञांनी नवी जात म्हणून वर्णन केलं, तो फक्त आंबोलीच्या आसपास सापडतो, हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा त्यांनाच कळवावंसं वाटलं. पहिल्या पावसात कातळावरच्या उथळ डबक्यांत त्या बेडकांची अंडी त्यांनीच आम्हाला ओणवं होऊन दाखवली होती. हिरण्यकेशीच्या कुंडातला तो चिमुकला मासा २०२० साली जगाला नवा म्हणून कळला आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. आपण शाळकरी पोरं त्या माशांना पोह्याचे दाणे टाकायचो.

आता जुलैतल्या रविवारी धबधब्यापाशी जो प्रकार चालतो तो लिहवत नाही. रात्रीच्या गाड्यांखाली तेच बेडूक चिरडतात, बाटल्यांचा खच ओढ्यात जातो. आपली मुलं कामासाठी गोव्याला नाहीतर पुण्याला. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या ही जमीन कसली त्यांचा कबुलायतदार गावकर प्रश्न, म्हणजे त्या जमिनीच्या मालकीचा प्रश्न, मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. आंबोलीचा पाऊस बघायला लोक शेकडो मैलांवरून येतात, पण पडला किती हे शाळेतल्या मुलांना विचारलं तर मोबाईलमध्ये बघून सांगतात.

म्हणून समितीला माझी विनंती आहे. गुरुजींच्या त्या पावसाच्या वह्या शाळेच्या जुन्या कपाटात, नाहीतर कुणा माजी विद्यार्थ्याच्या घरी असण्याची शक्यता आहे. ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्या समितीकडे द्याव्यात, झेरॉक्सचा खर्च मी करीन. शाळेला चांगला पर्जन्यमापकही मी देते आहे. तो शाळेमागच्या त्याच कातळावर, झाडांपासून आणि भिंतीपासून लांब बसवावा. नोंद सातवीच्या मुलांनी रोज सकाळी साडेआठला घ्यावी, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. कशी घ्यायची ते शिकवायला मी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच येते आहे.